वाचकांचे प्रश्न: एसी चालू, तरी घर ओलसर

या वेळच्या टपालात दमट घरांच्या तक्रारींची पत्रं इतकी आहेत की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलते. सगळ्यांत तपशीलवार पत्र आधी घेते. इतरांची निम्मी उत्तरं त्यातच मिळतील.

प्रश्न: ताई, आमचं घर साधारण १०० चौरस मीटरचं आहे. आम्ही चौघं राहतो. फॉल्स सीलिंगमधून डक्ट फिरवून सगळ्या खोल्यांना मिळून एकच एसी बसवला आहे. बाहेर वर्षातले बरेच महिने हवा दमट असते. एसी २४ वर ठेवला की गारवा लगेच येतो, पण अंग चिकचिकतं, अंथरूण ओलसर लागतं. हायग्रोमीटर (हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र) ६८ ते ७० टक्के दाखवतो. चामड्याच्या बॅगांवर पांढरी बुरशी धरते, कपाट उघडलं की कुबट वास येतो. एक कंत्राटदार म्हणतो, एसी लहान पडतोय, मोठा घ्या. दुसरा म्हणतो, हवेतलं दिवसाला ५० लिटर पाणी काढणारा डीह्युमिडिफायर फॉल्स सीलिंगमध्ये टाकतो आणि एसीच्या रिटर्न डक्टला (घरातली हवा एसीकडे परत नेणाऱ्या डक्टला) जोडून देतो. कोणाचं ऐकू?

उत्तर: पहिल्याचं मुळीच ऐकू नका. दुसऱ्याचं अर्धं ऐका.

‘गारवा लगेच येतो’ हे तुमचंच वाक्य आहे. एसी लहान असता तर दुपारभर धापा टाकत चालला असता आणि तरी २४ गाठता आले नसते. तुमचा एसी बहुधा गरजेपेक्षा मोठाच आहे. थर्मोस्टॅटला फक्त तापमान कळतं. ते गाठलं की तो कॉम्प्रेसर बंद करतो. एसीच्या आतली गार नळ्यांची कॉइल थंड होऊन त्यावर बाष्प जमायचं, थेंब वाढायचे, मग ते ओघळून ट्रेमध्ये आणि तिथून नळीवाटे बाहेर जायचे, याला वेळ लागतो. कॉम्प्रेसर सात-आठ मिनिटं चालून थांबत असेल तर बरंचसं पाणी कॉइलवरच राहतं. आणि पंखा चालूच असेल तर तेच पाणी पुन्हा वाफ होऊन तुमच्या खोलीत येतं. मोठा एसी घेतलात तर ही सात मिनिटं पाच होतील.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी थर्मोस्टॅटवर पंखा ‘ऑन’ आहे की ‘ऑटो’, ते बघा. ‘ऑन’ असेल तर ‘ऑटो’ करा, म्हणजे कॉम्प्रेसर थांबला की पंखाही थांबेल. वेग कमी करायची सोय असेल तर तोही एक पायरी उतरवा. कॉइलवरून हवा सावकाश गेली की ती जास्त थंड होते आणि जास्त पाणी सोडते. (फार उतरवला तर कॉइलवर बर्फ धरेल, तेव्हा मेकॅनिकला विचारून.) आठवडाभर आकडे लिहून ठेवा. काही घरांत एवढ्यानेच आकडा साठच्या खाली येतो आणि माझ्याकडे दुसरं पत्र येत नाही.

गंमत अशी की एअर कंडिशनिंगचा जन्मच आर्द्रतेपायी झाला. १९०२ साली विलिस कॅरियरने ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी पहिली यंत्रणा आखली, ती कामगारांच्या सुखासाठी नव्हती. दमट हवेत कागद फुगायचा, आक्रसायचा आणि एकावर एक छापलेले रंग जुळायचे नाहीत. आज आपण रिमोटवर अंश तेवढे बघतो.

पंखा ‘ऑटो’वर ठेवूनही आकडा ६५च्या खाली येत नसेल, तर डीह्युमिडिफायरचा विचार योग्य आहे. विशेषतः बाहेर पाऊस आहे, उकाडा नाही, एसी जेमतेम चालतो, अशा दिवसांत दुसरा उपायच नसतो. पण ५० लिटर हा आकडा तुमच्या कंत्राटदाराने कुठून आणला, ते विचारा. मी तो असा काढते.

३० अंश तापमानाच्या आणि ८० टक्के आर्द्रतेच्या एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. घरात तुम्हाला हवी ती हवा, समजा २६ अंश आणि ५० टक्के. तिच्यात सुमारे १२ ग्रॅम. म्हणजे बाहेरची प्रत्येक घनमीटर हवा आत येताना १२ ग्रॅम जास्तीचं पाणी घेऊन येते. तुमच्या घरात साधारण ३०० घनमीटर हवा मावते. फटींतून दर तासाला यातली एक तृतीयांश, म्हणजे १०० घनमीटर, बदलत असेल तर तासाला १.२ लिटर आणि दिवसाला २९ लिटर पाणी आत आलं. चार माणसांच्या श्वासाचं आणि घामाचं चार-पाच लिटर. अंघोळ, स्वयंपाक, आत वाळत घातलेले कपडे मिळून आणखी तीन-चार. बेरीज ३८च्या आसपास जाते.

आता तेच घर फटींचं असेल आणि तासाला सगळीच हवा बदलत असेल, तर नुसत्या हवेबरोबर रोज ८६ लिटर. ५० लिटरचं यंत्र रात्रंदिवस घरघरत राहील आणि तुम्ही मला लिहाल की यंत्र कुचकामी आहे. त्यामुळे यंत्राआधी फटी. खिडक्यांच्या पट्ट्या, दाराखालची फट, भिंतीतून गेलेल्या पाइपांभोवतीची भोकं हे सगळे शोधतात. कोणी शोधत नाही ती जागा फॉल्स सीलिंगच्या वर असते. रिटर्न डक्टचे सांधे सुटलेले असतात आणि तिथून एसी वरच्या पोकळीतली दमट हवा ओढत असतो. पंखा जेवढा जोरात, तेवढी ओढ जास्त. या सांध्यांना कापडी टेप लावून भागत नाही. ती उष्णतेने वाळून सुटते. डक्टसाठीचा मास्टिक लेप किंवा अॅल्युमिनियम फॉइलची टेप लावून घ्या. दुसरा चोर स्वयंपाकघरातली चिमणी. ती तासाला ६०० घनमीटर हवा बाहेर फेकत असेल तर तेवढीच हवा फटींतून आत येणार आणि तिच्याबरोबर सात लिटरपर्यंत पाणी. फोडणी, तळण होईपर्यंत जरूर चालवा. नंतर तासभर ‘वास जाऊ दे’ म्हणून चालू ठेवू नका.

यंत्रावर छापलेल्या लिटरचंही एक गौडबंगाल आहे. तो आकडा कोणत्या हवेत मोजला, यावर सगळं अवलंबून असतं. बरेच उत्पादक ३० अंश आणि ८० टक्क्यांचा आकडा छापतात. इतक्या ओल्या हवेतून पाणी काढणं सोपं, म्हणून आकडा मोठा दिसतो. तुमचं घर ५५ टक्क्यांवर आलं की तेच यंत्र त्याच्या निम्म्याच्या आसपासही उतरू शकतं. अमेरिकेत २०१९पासून अख्ख्या घराच्या यंत्रांची चाचणी सुमारे २३ अंश आणि ६० टक्क्यांवर होते. त्याआधी ती सुमारे २७ अंशांवर होत असे. म्हणून जुन्या आणि नव्या माहितीपत्रकांतले आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. विक्रेत्याला एकच विचारा: २६-२७ अंश आणि ६० टक्क्यांवर दिवसाला किती लिटर, आणि एका युनिट विजेत किती लिटर? पहिल्याचं उत्तर तुमच्या बेरजेच्या थोडं वर असावं. दुसऱ्याचं दोन लिटर किंवा जास्त असावं. उत्तर देता आलं नाही तर दुसरा विक्रेता बघा.

आता जी गोष्ट विक्रेते सहसा स्वतःहून सांगत नाहीत, ती. डीह्युमिडिफायर घर गरम करतो. वाफेचं पाणी होताना प्रत्येक लिटरमागे सुमारे ०.६८ युनिट उष्णता बाहेर पडते आणि ती एसीसारखी घराबाहेर न जाता आतच राहते. शिवाय कॉम्प्रेसरने ओढलेली वीज, चांगल्या यंत्रात लिटरमागे अर्धं युनिट, तीही शेवटी उष्णताच होते. रोज ३५ लिटर काढलं तर ४१ युनिट उष्णता, म्हणजे चोवीस तास जवळजवळ १७०० वॅटचा हीटर. अर्ध्या टनाच्या एसीने ओढावी एवढी. ऐन उकाड्यात ही उष्णता तुमच्या एसीलाच बाहेर काढावी लागणार. तुमचा एसी मोठा असल्यामुळे तो ती पेलेल, आणि जास्त वेळ चालल्याने स्वतःही थोडं जास्त पाणी काढेल. लहान एसीवाल्या घरात मात्र हे गणित आधी मांडून बघावं लागतं.

राहिली जोडणी. तुमच्या दुसऱ्या कंत्राटदाराशी माझं भांडण इथे आहे. त्याला यंत्रातून निघालेली गरम, कोरडी हवा एसीच्या रिटर्नमध्ये सोडायची आहे, कारण तो डक्ट हाताशी असतो आणि काम अर्ध्या दिवसात उरकतं. पण ती गरम हवा मग एसीच्या कॉइलवर जाते. कॉइलला येणारी हवा जितकी कोरडी, तितकं कॉइलवर पाणी कमी जमतं. म्हणजे एका यंत्राने दुसऱ्याचं काम बिघडवायचं आणि दोघांचं बिल तुम्ही भरायचं. एसी बंद असताना तर आणखी वाईट. कोरडी हवा ओल्या कॉइलवरून जाऊन पुन्हा ओली होऊन घरात येते.

योग्य पद्धत अशी. घराच्या मध्यावर, पॅसेजमध्ये किंवा बैठकीच्या खोलीत, यंत्रासाठी स्वतंत्र जाळी काढा आणि तिथून हवा थेट यंत्रात घ्या. बाहेर पडणारी हवा एसीच्या कॉइलच्या पुढे, सप्लाय डक्टमध्ये (गार हवा खोल्यांत नेणाऱ्या डक्टमध्ये) सोडा. म्हणजे ती सगळ्या खोल्यांत वाटली जाते आणि एसीच्या गार हवेत मिसळल्याने अंगावर गरम झोत येत नाही. जोडावर एकाच दिशेला उघडणारा डॅम्पर (हवेची झडप) हवाच, नाहीतर एसी चालू असताना त्याची हवा उलटी यंत्रात घुसेल. आणि एसी थांबल्यावर यंत्राची हवा मागे वळून कॉइलकडे जात नाही ना, हे बसवणाऱ्याकडून चालू यंत्रावर तपासून घ्या. सप्लाय डक्टला हात लावणं शक्यच नसेल तर यंत्राची हवा पॅसेजमध्येच, पण घेण्याच्या जाळीपासून दूर, वेगळ्या जाळीतून सोडा. वाटणी थोडी कमी होईल. खोल्यांची दारं उघडी ठेवावी लागतील.

पाण्याच्या नळीला मीटरमागे किमान एक सेंटिमीटर उतार द्यायचा. नळीवर फोमचं वेष्टण हवं, कारण आतलं पाणी गार असतं आणि नळीलाच बाहेरून घाम फुटून सीलिंगवर डाग पडतात. नळी थेट सांडपाण्याच्या पाइपात घुसवू देऊ नका. मोरीच्या जाळीच्या वर मोकळी सुटू दे, म्हणजे वास आणि किडे उलटे चढणार नाहीत आणि पाणी येतंय की नाही, हे डोळ्यांना दिसेल. यंत्राखाली दुसरा ट्रे आणि त्यात फ्लोट स्विच: नळी तुंबून ट्रे भरला की यंत्र आपोआप बंद. फॉल्स सीलिंगमध्ये बसवताना यावर तडजोड नाही. तसंच, सीलिंगमधली झडप फिल्टर काढण्याएवढी ठेवून सुतार मोकळा होतो. ती अख्खं यंत्र खाली उतरेल एवढी मोठी करून घ्या. दुरुस्तीची वेळ आली की सीलिंग फोडायला लागू नये.

विजेला वेगळी लाइन, स्वतःचा एमसीबी आणि नीट अर्थिंग. यंत्र रबरी पॅडवर ठेवा किंवा स्प्रिंगने टांगा. डक्टला जोडताना मध्ये लवचीक तुकडा घाला, नाहीतर रात्री कॉम्प्रेसरची घरघर सगळ्या खोल्यांत पोचते. वीज जाऊन आल्यावर यंत्र आधीच्या सेटिंगवर आपोआप सुरू होतं का, तेही घेतानाच बघा. आर्द्रतेचा सेन्सर पॅसेजमधल्या आतल्या भिंतीवर असावा. न्हाणीघराजवळ, स्वयंपाकघराजवळ किंवा जाळीसमोर नको.

सुरुवातीला ५५ वर ठेवा. अंग कोरडं वाटत असेल, वास गेला असेल तर तिथेच राहू द्या.

प्रश्न: ५५ कशाला? आमचं यंत्र ३५पर्यंत जातं. जितकं कोरडं तितकी बुरशी कमी ना?

उत्तर: नाही. बुरशीला पृष्ठभागाजवळ साधारण ८० टक्के ओलावा बराच वेळ मिळावा लागतो. खोलीत ६० टक्के असले तरी गार भिंतीजवळ ते होऊ शकतं: २६ अंश आणि ६० टक्क्यांची हवा २१ अंशांच्या भिंतीला टेकली की तिथे ८०च्या वर जाते. म्हणून खोली ५० ते ५५ ठेवायची. धुळीतल्या माइट्सनाही (डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांनाही) ५०च्या खाली जगणं जड जातं, घरात दम्याचं कोणी असेल तर ५० ठेवा. त्याखाली गेलात तर बुरशीच्या बाबतीत फार काही मिळत नाही. वीज मात्र भरमसाट जाते, लाकडी दारं आक्रसतात, तंबोऱ्याला किंवा गिटारला तडा जाऊ शकतो.

प्रश्न: घरात तीन हायग्रोमीटर आहेत. एक ५२ म्हणतो, एक ६१, एक ६६. खरं कोण?

उत्तर: मिठाला विचारा. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखं करा. मिठावर पाणी तरंगता कामा नये. झाकण आणि तिन्ही हायग्रोमीटर एका मोठ्या झिपच्या पिशवीत घालून घट्ट बंद करा आणि रात्रभर एकाच तापमानात ठेवा. ओल्या मिठावरची कोंडलेली हवा नेहमीच्या खोलीच्या तापमानाला ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सकाळी पिशवी न उघडता वाचा. ज्याचा आकडा ७० येईल त्यात कायम ५ मिळवायचे, ज्याचा ८० येईल त्यातून ५ वजा. दहापेक्षा जास्त चुकणारा फेकून द्या. यंत्राच्या स्वतःच्या सेन्सरवरही आंधळा विश्वास नको. शेजारी तपासलेला हायग्रोमीटर ठेवून बघा.

प्रश्न: सगळं घर ठीक आहे, फक्त एका भिंतीला खालून दोन फूट ओल आणि पोपडे. डीह्युमिडिफायरने जाईल का?

उत्तर: बहुधा नाही. आधी ओल कुठून येते ते बघा. अर्धा मीटर लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा आणि दिवसभर ठेवा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे, पाणी जमलं तर ते भिंतीतून येतंय: गळका पाइप, पाया किंवा बाहेरचं प्लास्टर. खोलीच्या बाजूला जमलं तर ते हवेतलं. पहिल्या प्रकारात यंत्र लावलंत तर भिंत वरून वाळलेली दिसेल, आतून नवं पाणी ओढत राहील आणि पृष्ठभागावर क्षार साचून पोपडे वाढतील. प्लंबर आणि गवंडी आधी.

प्रश्न: तुमच्यासारख्यांचं ऐकून सगळ्या फटी बुजवल्या. आता घर कोंदट वाटतं.

उत्तर: वाटणारच. माणसांना ताजी हवा लागते, फक्त ती फटींतून मनमानी न येता मोजून आली पाहिजे. अख्ख्या घराच्या काही यंत्रांना बाहेरची हवा घेणारं वेगळं तोंड असतं. त्यावर डॅम्पर आणि फिल्टर लावला की बाहेरची हवा आधी कोरडी होते, मग घरात जाते. तुमच्या यंत्राला ते तोंड आहे का बघा, बुच लावून ठेवलेलं असतं. मात्र वर दिलेलं गणित विसरू नका. बाहेरून घेतलेल्या दर १०० घनमीटरमागे तासाला १.२ लिटर.

प्रश्न: नवं यंत्र बसवून आठवडा झाला, रात्रंदिवस चालू आहे, तरी ६३च्या खाली येत नाही. परत करू का?

उत्तर: आधी बादली लावा. नळीचं टोक बादलीत सोडून चोवीस तासांचं पाणी मोजा. भरपूर पाणी येत असेल तर यंत्र चांगलं आहे, घर अजून ओलं आहे. घरातल्या सगळ्या हवेत मिळून जेमतेम चार-पाच लिटर पाणी असतं. खरा साठा गाद्या, पुस्तकं, लाकूड आणि प्लास्टर यांत असतो आणि तो सुटायला काही आठवडे लागतात. कपाटांची दारं उघडी ठेवा, पलंग भिंतीपासून सरकवा. पाणी रोज कमी होत गेलं तर धीर धरा. महिन्यानंतरही तेवढंच येत असेल तर कुठेतरी खिडकी उघडी राहते आहे किंवा डक्ट फुटलेला आहे. आणि पाणीच येत नसेल तर फिल्टर बघा. तोही स्वच्छ असेल तरच कंपनीला फोन.

प्रश्न: दोन महिने घर बंद राहणार आहे. यंत्र चालू ठेवू का?

उत्तर: ठेवा, पण ६० वर. एसी बंद करू नका, २९-३० वर लावा, नाहीतर यंत्राची उष्णता कोंडून घर भट्टी होईल. नळांचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, न्हाणीघराची दारं लावा, कपाटं उघडी. निघायच्या आदल्या दिवशी पाण्याच्या नळीत एक तांब्या पाणी ओतून ते वाहतंय ना, आणि फ्लोट स्विच हाताने उचलून यंत्र बंद पडतंय ना, हे दोन्ही बघा. फ्लोट स्विच नसेल तर यंत्र बंद करूनच जा.

प्रश्न: निघालेलं पाणी प्यायला किंवा बॅटरीत घालायला चालेल का?

उत्तर: दोन्ही नको. ते पाणी मृदू असतं, पण कॉइलवरची धूळ, धातूचे अंश आणि ट्रेमधले जंतू त्यात असतात. झाडांना, फरशी पुसायला आणि कमोडला खुशाल वापरा.